क्षमा करण्याचा अधिकार
(मशीहाचे दैवी सामर्थ्य आणि आपला विश्वास)

वाचन : मार्क २:१-१२





आजच्या अभ्यासपाठासाठी संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाची पहिली बारा वचने घेतली आहेत. घरातील सर्वांनी एकत्र बसून तो उतारा आधी सावकाश वाचावा आणि मग या पाठाकडे वळावे, ही विनंती.

हा विषय निवडण्यामागे कारण आहे. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जावे लागते. तिथे एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा ऐकू येतो. 'फादर, रोझरी चुकवली नाही, नोव्हेना केल्या, वेलंकनीला जाऊन आलो, पण गुण नाही. माझाच विश्वास कमी पडला का?' काही घरांत तर कोणीतरी येऊन स्पष्टच सांगून गेलेले असते की, विश्वास पक्का असता तर आजारी माणूस एव्हाना उठून चालू लागला असता. आजाराचे ओझे आधीच असते, त्यावर हे अपराधाचे ओझे पडते. येशू हा मशीहा आहे, देवाचा पुत्र आहे, सर्वसमर्थ आहे, असे आपण दर रविवारी मिस्सामध्ये कबूल करतो. मग त्याचे सामर्थ्य नेमके कशासाठी आहे? ते आपल्या घरात दिसत नाही, तेव्हा काय समजायचे?

१. 'मशीहा' या शब्दाचा अर्थ

'मशीहा' हा शब्द हिब्रू भाषेतून आला. त्याचा अर्थ 'अभिषिक्त', म्हणजे ज्याच्यावर तेल ओतले गेले आहे तो. ग्रीक भाषेत त्याचाच अनुवाद 'ख्रिस्तोस' असा झाला आणि त्यावरून आपण 'ख्रिस्त' म्हणतो. ते येशूचे आडनाव नव्हे, ती त्याची ओळख आहे. जुन्या करारात राजांना आणि याजकांना तेलाचा अभिषेक होत असे. शमुवेलाने इशायच्या धाकट्या मुलाला, दाविदाला, अभिषेक केला, तेव्हापासून देवाचा आत्मा त्याच्यावर आला असे आपण वाचतो (१ शमुवेल १६:१३). म्हणजे अभिषेक हा केवळ मान नव्हता. देव एखाद्या कामासाठी माणसाला निवडतो आणि त्या कामाला लागणारे बळ देतो, हा त्याचा अर्थ.

येशूच्या काळी पॅलेस्टाइनवर रोमन सत्ता होती. कर भरून आणि सैनिकांचा जाच सोसून लोक मेटाकुटीला आले होते. मशीहा येईल, तो दाविदाच्या वंशातला असेल आणि परक्यांना हाकलून लावील, ही अनेकांची आशा होती. त्यांच्या दृष्टीने सामर्थ्य म्हणजे तलवारीचे सामर्थ्य. पाच हजारांना भाकरी मिळाल्यावर लोकांनी येशूला बळजबरीने राजा करायचे ठरवले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान ६:१५). त्याला जे सामर्थ्य दाखवायचे होते, ते त्या लोकांच्या कल्पनेत बसणारे नव्हते. आपल्या कल्पनेत तरी ते बसते का, हे तपासून पाहिले पाहिजे.

२. कफर्णहूममधील ते घर

कफर्णहूम हे गालील सरोवराच्या काठचे कोळ्यांचे गाव. तिथे उत्खननात घरांच्या काळ्या दगडाच्या भिंती सापडल्या आहेत. अशा घरांची छपरे हलकी असत. लाकडी वासे, त्यांवर फांद्या आणि वर मातीचा थर. म्हणूनच चार माणसे वर चढून छप्पर उकरू शकली. मार्कने 'उकरले' असाच शब्द वापरला आहे. खाली बसलेल्यांच्या डोक्यांवर माती पडली असेल, घरमालक ओरडला असेल. शुभवर्तमान त्याविषयी काही सांगत नाही. येशूने काय पाहिले, एवढेच ते सांगते. त्याने त्यांचा विश्वास पाहिला.

येथे 'त्यांचा' हा शब्द लक्षात ठेवावा. त्या पक्षघाती माणसाच्या तोंडी या साऱ्या प्रसंगात एकही वाक्य नाही. त्याचा स्वतःचा विश्वास किती होता, हे आपल्याला कळत नाही. कदाचित तो निराश झाला असेल, कदाचित त्याला येण्याचीही इच्छा नसेल. ज्यांच्या विश्वासाकडे येशूने पाहिले, त्यांत त्याला उचलून आणणारे ते चौघेही होते. आजारी माणूस स्वतः प्रार्थना करू शकत नसेल, तेव्हा घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि धर्मग्रामाने केलेली प्रार्थना त्याला उचलून प्रभूपुढे नेते. म्हणून 'तुझा विश्वास किती?' असे आजाऱ्याला विचारणे या शुभवर्तमानाला धरून नाही. त्याची खाट आपण उचलली का, हा प्रश्न अगोदर येतो.

३. शास्त्र्यांचा आक्षेप

सर्वांची अपेक्षा एकच होती. आता येशू त्या माणसाला उठवील. पण येशूने आधी त्याला 'मुला' अशी हाक मारली आणि त्याच्या पापांची क्षमा झाल्याचे सांगितले. आणणाऱ्यांनी तर ही मागणी केलीच नव्हती.

तिथे बसलेल्या शास्त्र्यांच्या मनात लगेच विचार आला की, ही ईश्वरनिंदा आहे, कारण पापांची क्षमा एकट्या देवाचा अधिकार आहे. आपण शास्त्र्यांना पटकन दुष्ट ठरवून मोकळे होतो. पण त्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. जुन्या कराराची शिकवण तीच आहे. पापांची क्षमा करणारा, दयाळू आणि मंदक्रोध असा परमेश्वरच आहे, असे निर्गम (३४:६-७), यशया (४३:२५) आणि स्तोत्र १०३ सांगतात.

साधे उदाहरण घेऊ. माझे उसने पैसे तुम्ही बुडवले, तर ते कर्ज मी माफ करू शकतो. आपला शेजारी येऊन 'जा, तुझे कर्ज माफ' असे तुम्हांला म्हणू लागला, तर लोक त्याला हसतील. ज्याचा अपराध झाला आहे, त्यालाच क्षमा करता येते. प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्ध असते. तेव्हा पापाची क्षमा झाली असे स्वतःच्या अधिकाराने सांगणारा एकतर देवाची निंदा करणारा असला पाहिजे किंवा देव स्वतः असला पाहिजे. तिसरी वाट नाही. शास्त्री या उंबरठ्यापर्यंत आले होते. पुढचे पाऊल त्यांनी टाकले नाही, एवढेच.

प्राचीन ख्रिस्तसभेला याच प्रश्नाशी झगडावे लागले. येशू थोर आहे, पण शेवटी तो देवाने निर्माण केलेला आहे, असे आरियस शिकवत होता. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ते मत नाकारले आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे अशी घोषणा केली. रविवारी आपण म्हणतो त्या श्रद्धेच्या अंगीकारात ती शिकवण आहे. हा केवळ विद्वानांचा शब्दांचा वाद नव्हता. येशू देव नसेल, तर त्या पक्षघाती माणसाला मिळाली ती एका भल्या माणसाची सहानुभूती. आपल्यालाही पापनिवेदनाच्या वेळी सहानुभूतीपलीकडे काही मिळणार नाही. येशू देव आहे म्हणून त्याची क्षमा ही खरोखरची क्षमा आहे.

४. बळ आणि अधिकार

शुभवर्तमानात सामर्थ्यासाठी दोन ग्रीक शब्द येतात. एक 'दुनामिस', म्हणजे बळ, शक्ती. दुसरा 'एक्सुसिया', म्हणजे अधिकार. दोहोंतला फरक समजायला रस्त्यावर पाहावे. वाहतूक पोलीस हात वर करतो आणि भरलेला ट्रक थांबतो. पोलिसाच्या हातात ट्रक अडवण्याचे बळ नसते. त्याच्यामागे अधिकार असतो. उलट गुंडाकडे बळ असते, पण अधिकार नसतो.

कफर्णहूमच्या घरात येशू जे सांगतो ते असे : मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे, हे तुम्हांला कळावे म्हणून मी याला उठवीत आहे. येथे 'एक्सुसिया' हा शब्द आहे. 'मनुष्याचा पुत्र' हे नाव दानिएलाच्या दर्शनाची आठवण करून देते. तेथे मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी एक मेघांसह येतो आणि त्याला कधीही नष्ट न होणारे प्रभुत्व दिले जाते (दानिएल ७:१३-१४).

हाच अधिकार येशूच्या प्रत्येक कृतीत दिसतो. एलिया संदेष्ट्याने विधवेच्या मुलाला जिवंत केले, तेव्हा तो तीनदा मुलावर पाखर घालून देवाचा धावा करीत होता (१ राजे १७). येशू याईरच्या मुलीचा हात धरतो आणि तिला उठण्याची आज्ञा करतो (मार्क ५:४१). समुद्राला शांत करणारा परमेश्वर आहे असे स्तोत्र १०७ सांगते. येशू नावेत उभा राहून वाऱ्याला धमकावतो आणि वारा पडतो (मार्क ४:३९). संदेष्टे देवाकडे मागून घेतात. येशू स्वतःच्या अधिकाराने देतो.

आता त्याने विचारलेला प्रश्न पाहू. क्षमा झाली असे म्हणणे सोपे की, उठून चाल असे म्हणणे सोपे? बोलायला पहिले सोपे, कारण क्षमा झाली की नाही हे कोणाला तपासता येत नाही. दुसरे लगेच उघडे पडते. म्हणून जे डोळ्यांना दिसते ते करून येशूने जे दिसत नाही त्याची खूण दिली. खाट उचलून चालत जाणारा तो माणूस ही खूण होती. खुणेचा विषय क्षमा हा होता.

पण करायला कठीण काय? माणसाला उठवण्यासाठी येशूला एक शब्द पुरला. क्षमेसाठी त्याला प्राण द्यावा लागला. मार्कने हे फार बारकाईने दाखवले आहे. येशूवर ईश्वरनिंदेचा आरोप पहिल्यांदा या घरात येतो. त्याच आरोपावरून पुढे प्रमुख याजकापुढे तो मरणदंडास पात्र ठरतो (मार्क १४:६४). कफर्णहूममधील क्षमेपासून कालवारीच्या क्रुसापर्यंत एकच वाट जाते.

५. स्वतःसाठी न वापरलेले सामर्थ्य

अरण्यात सैतानाने येशूला सुचवले की, देवाचा पुत्र असशील तर धोंड्यांच्या भाकरी कर. येशू भुकेला होता, तरी त्याने ते केले नाही (मत्तय ४:१-४). पुढे इतरांसाठी मात्र त्याने भाकरी वाढवल्या. गेथशेमाने बागेत देवदूतांच्या बारांहून अधिक सैन्यतुकड्या मागता आल्या असत्या, पण त्याने त्या मागितल्या नाहीत (मत्तय २६:५३). क्रुसाखाली उभ्या असलेल्यांनी थट्टा केली की, याने दुसऱ्यांना वाचवले, याला स्वतःला वाचवता येत नाही (मार्क १५:३१). त्यांना ती दुर्बलता वाटली. तिथे तर सर्वांत मोठे सामर्थ्य काम करीत होते. लूक सांगतो की, त्याच वेळी येशू आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागत होता आणि शेजारच्या गुन्हेगाराला स्वर्गाचे वचन देत होता.

तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न विचारला जातो. देव सर्वसमर्थ आहे म्हणजे तो वाटेल ते करतो का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचा सविस्तर विचार केला. देवाचे सर्वसामर्थ्य म्हणजे लहर नव्हे, असे त्यांनी दाखवले. ते सामर्थ्य सर्वांत जास्त कशात प्रकट होते, तर क्षमा करण्यात आणि दया दाखवण्यात. का? जो वरिष्ठाच्या कायद्याने बांधलेला आहे, त्याला आपल्या मर्जीने अपराध माफ करता येत नाही. जो सर्वांच्या वर आहे, तोच मोकळ्या मनाने क्षमा करू शकतो. हा विचार त्यांनी उपासनेतील एका प्रार्थनेच्या आधारे मांडला. सामान्य काळाच्या २६व्या रविवारी मिस्साच्या प्रारंभीच्या प्रार्थनेत ख्रिस्तसभा आजही तेच म्हणते. त्या रविवारी ती प्रार्थना लक्ष देऊन ऐकावी.

६. मग आजार बरा का होत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रभू आजही आजाऱ्यांना बरे करतो, असा ख्रिस्तसभेचा विश्वास आहे. प्रार्थना करावी, मागावे, नवस नव्हे तर भरवसा ठेवून मागावे. पण बरे होणे हे विश्वासाचे मोजमाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी पुष्कळ आजारी पडून होते. त्या दिवशी येशूने अडतीस वर्षे आजारी असलेल्या एकाच माणसाला उठवल्याचे योहान सांगतो (योहान ५:१-९). त्या माणसाने विश्वासाची कबुली दिलेली नव्हती. आपल्याला कोणी बरे केले, हेही त्याला ठाऊक नव्हते. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा त्याचेही नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही असे उत्तर मिळाले (योहान ९:३). संत पौलाने आपल्या देहातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, मात्र कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन मिळाले (२ करिंथ १२:७-१०). पौलाचा विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. १५०८) पौलाचेच उदाहरण देऊन स्पष्ट केले आहे की, अत्यंत कळकळीच्या प्रार्थनेनेही प्रत्येक आजार बरा होतोच असे नाही.

लूर्द्सचे उदाहरण आपल्या सर्वांना जवळचे आहे. १८५८ साली तेथे पवित्र मरियेने बर्नादेतला दर्शन दिले. तेव्हापासून लाखो आजारी तिथे गेले. कसून वैद्यकीय तपासणी झाल्यावर ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेली ७०वी घटना २०१८ साली जाहीर झाली. तोवर एवढ्या लोकांत एवढीच. मग बाकीचे रिकाम्या हाताने परतले का? आणि स्वतः बर्नादेत? दमा आणि क्षयाने झिजून ती १८७९ साली, वयाच्या ३५व्या वर्षी, मरण पावली. जिच्या हातून तो झरा उघडला, तिचा आजार गेला नाही. तरीही ख्रिस्तसभा तिला संत म्हणते.

आणखी एक गोष्ट. येशूने ज्यांना बरे केले, ते सर्व पुढे मरण पावलेच. लाजरही दुसऱ्यांदा मेला. शरीराचे बरे होणे ही मोठी कृपा आहे, पण ती काही काळापुरती आहे. क्षमा मरणाच्या पलीकडे टिकते. म्हणून येशूने त्या माणसाला आधी क्षमा दिली.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. रोगमुक्तीच्या प्रार्थनांविषयी रोमहून १४ सप्टेंबर २००० रोजी मार्गदर्शक सूचना निघाल्या. अशा प्रार्थनासभांत उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी नसावी, असे त्यांत सांगितले आहे. जिथे असा प्रकार होतो आणि आजाऱ्यालाच दोष दिला जातो, तिथून दूर राहावे. दुसरे, प्रार्थना चालू आहे म्हणून कोणी डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत. वैद्य आणि औषध ही देवाचीच देणगी आहे, असे बेन सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय शिकवतो. वसईची आपली रमेदी माता आठवा. त्या पोर्तुगीज नावाचा अर्थच मुळी 'औषध, उपाय' असा आहे.

७. माणसांना दिलेला अधिकार

हाच प्रसंग मत्तय सांगतो, तेव्हा शेवटी एक वेगळी गोष्ट नोंदवतो. देवाने माणसांना असा अधिकार दिला म्हणून लोकांनी त्याचा गौरव केला (मत्तय ९:८). 'माणसाला' नव्हे, 'माणसांना'. मत्तयने लिहिले तेव्हा ख्रिस्तसभेत क्षमेची सेवा चालू होती. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशूने शिष्यांवर श्वास टाकला आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांना दिला (योहान २०:२२-२३). मशीहाचे दैवी सामर्थ्य अशा रीतीने आपल्या धर्मग्रामापर्यंत पोहोचले आहे.

ते कुठे भेटते? ख्रिस्तसभा दोन संस्कारांना उपचाराचे संस्कार म्हणते. पहिला प्रायश्चित्त संस्कार. पुष्कळजण नाताळ आणि ईस्टरलाच पापनिवेदनाला येतात, काहीजण तेव्हाही नाही. चमत्कार पाहण्यासाठी आपण रात्रभर प्रवास करतो. ज्या चमत्काराला येशूने अधिक मोठे मानले, तो दर शनिवारी संध्याकाळी आपल्याच चर्चमध्ये वाट पाहत असतो. दुसरा रुग्णाभ्यंग संस्कार (याकोब ५:१४-१५). त्याला 'शेवटचे तेल' समजून घरचे लोक अखेरच्या श्वासापर्यंत थांबतात. फादरांना बोलावले तर आजारी घाबरेल, असे त्यांना वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले आहे की, हा केवळ मरणाच्या दारी असलेल्यांचा संस्कार नाही. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, म्हातारपणाची अशक्तता, यांपैकी काहीही असेल तर वेळेवर निरोप द्यावा. आजारी शुद्धीत असताना, घरच्यांसह प्रार्थना म्हणता येत असताना हा संस्कार घेण्यात फार सांत्वन आहे.

संस्कारांतून पापांची क्षमा जाहीर करण्याचा अधिकार याजकाला आहे. पण आपल्यावर अपराध करणाऱ्याला क्षमा करण्याचे सामर्थ्य स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकाला दिले आहे. स्नानसंस्कारात आपल्यालाही तेलाचा अभिषेक झाला. आपणही अभिषिक्त आहोत. येथे जरा आपल्या आळीत पाहू. बांधावरून, वाडीच्या हिश्शावरून, आईच्या दागिन्यांवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. एकाच मिस्साला येतात, एकमेकांकडे पाठ करून बसतात, शांतीच्या वेळी तिसऱ्याला हात जोडतात. एकाच्या घरी आजारपण आले तरी दुसरा पायरी चढत नाही. कोणाचे हातपाय धड असतात, पण भावाच्या दारापर्यंत जाताना पाय लुळे पडतात. हा पक्षघात कोणत्याही डॉक्टरांना बरा करता येणार नाही. मशीहाला करता येतो.

क्षमा म्हणजे हक्क सोडणे किंवा अन्याय झालाच नाही असे म्हणणे नव्हे. जमिनीचा वाद कायद्याने सुटायचा असेल तर सुटू द्यावा. पण मनातला सूड आजच प्रभूच्या हाती देता येतो. ज्याने क्रुसावरून क्षमा केली, त्याचे सामर्थ्य त्यासाठीच आहे.

चिंतनासाठी प्रश्न
(घरात किंवा वाड्यावरच्या प्रार्थनागटात चर्चा करावी.)

१. आपल्या शेजारी असा कोणी आजारी किंवा एकटा आहे का, ज्याची खाट उचलायला चौघे हवे आहेत? आपण त्यांपैकी एक होऊ शकतो का?

२. प्रभूकडे मी गेल्या वर्षभरात काय काय मागितले? त्यात क्षमा कितीदा होती?

३. मी कोणाच्या दारी जायचे टाळत आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू देवाचा अभिषिक्त आहेस. तुझ्या शब्दाने आजारी उठले आणि तुझ्या मरणाने आम्हांला क्षमा मिळाली. आमच्या आजाऱ्यांना आरोग्य दे. ते तुझ्या इच्छेत नसेल, तर त्यांना अपराधाच्या ओझ्यातून मोकळे कर आणि तुझ्या जवळिकीचा अनुभव दे. आम्हांला त्यांची खाट उचलण्याचे बळ दे. जे आमच्याशी वाईट वागले, त्यांच्याकडे तुझ्या डोळ्यांनी पाहायला शिकव. आमेन.

आपला नम्र,
प्रमुख धर्मगुरू